छाटणीच्या पानावरचा वाचक

रविवार, १२ ऑक्टोबर २००८

आधी सगळ्यांची खुशाली, मग बाकीचं रडगाणं.

सुपरस्टार, तुझ्या पानांवरचे काळे ठिपके कमी झाले का रे? झालेले दिसतात. ग्लॅडिएटर, तू दांडगा तो दांडगाच, तुला काय विचारायचं. आणि गोजराबाई, तुमची कंबर कशी आहे? (हा मावशीच्या अंगणातून आणलेला गावठी गुलाब. मावशीचंच नाव दिलंय, वाकलाही तिच्यासारखाच.) काठी लावून बांधली आहे, आता ताठ राहा.

गच्चीवरून खाली आल्यावर मंगलला विचारलं, "गुडघा कसा आहे?" तर म्हणे, "गुडघ्यालाच विचारा, माझं कुठे ऐकतो तो." माझी साखर काबूत. कॉम्प्युटर सुरू होताना कण्हतो, पण होतो सुरू. पुण्याला किशोर, सूनबाई मोहिनी ठीक असावेत. नातीचा, सृष्टीचा, खोकला गेला का, ते विचारायचं राहूनच गेलं, कारण फोनवर भलताच विषय निघाला.

किशोर म्हणाला, "बाबा, साईटचं भाडं मार्चअखेर भरायचं असतं. तोवर जाहिरातींवर तिचं तिला सुटलं तर बरं."

दोन वर्षांपूर्वी मी सातपूरच्या कारखान्यातल्या स्टोअरमधून रिटायर झालो आणि दिवसभर मंगलच्या पायात पायात करू लागलो, तेव्हा यानेच 'गच्चीवरचे गुलाब' ही साईट काढून दिली. मी आठवी पास माणूस. एका बोटाने टाईप करतो. पण लिहितो, आणि माणसं वाचतात. सांगलीचे वाचतात, अकोल्याचे वाचतात, दुबईहून एका बाईंनी विचारलं की आमच्याकडे गॅलरीत गुलाब वितळतो, काय करू?

आणि आता म्हणे तिचं तिला सुटलं तर बरं. हौसेला कुणी पोट भरायला लावतं का? मनाला लागलं. पण "बघतो," म्हणालो. आवाज जरा ओढलेला वाटला त्याचा. कामं फार असतात.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

जाहिराती लागल्या. पुण्याची एक नवी कंपनी आहे, मराठी साईटवर मराठी जाहिराती लावून देते. जाहिरातीवर कुणी टिचकी मारली की आपल्या नावावर जमा. शंभर जणांनी पान पाहिलं तर एकाने तरी टिचकी मारली पाहिजे, असा त्यांचा दर. मार्चपर्यंत तो दर गाठला नाही तर आपलं नाव काढून टाकणार. आज आपला दर: जवळजवळ भोपळा.

आणि जाहिराती कसल्या! माझा सगळ्यात लाडका लेख 'डोळा कसा भरावा'. चांगल्या जातीच्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून रानगुलाबाच्या खुंटावर बसवतात, त्याला डोळा भरणं म्हणतात. हे माळ्याच्या पोरालाही माहीत. त्या लेखाशेजारी जाहिरात आली, 'मोतीबिंदूची मोफत तपासणी'. 'कलमे केव्हा बांधावीत' या लेखाशेजारी वकील. 'कलम कोणतेही असो, घटस्फोट निश्चित.'

कंपनीला फोन लावला. ज्योत्स्ना नावाची मुलगी बोलली. आवाज गोड.

"सर, आमचं मशीन पानावरचे शब्द वाचतं आणि त्याप्रमाणे जाहिरात लावतं."

"वाचतं, पण कळत नाही त्याला."

"सर, ते अजून बेटा आहे, म्हणजे चाचणीवर."

"बेटा आहे हे दिसतंच आहे. मोठा कधी होणार?"

हसली बिचारी. म्हणाली, तुमचे शब्द बदला. मी म्हटलं, शब्द माझे नाहीत बाई, गुलाबाचे आहेत.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

जाहिरात वरून खाली आणली. खालून मध्ये घातली. कडेला लाल चौकट काढली. खाली लिहिलं, 'कृपया येथे एक टिचकी मारावी, आपला आभारी आहे.' दुपारी ज्योत्स्नाचा फोन. "सर, असं विनंती करून मारायला सांगता येत नाही. नियमात बसत नाही." घ्या! दुकान मांडायचं आणि 'या बसा' म्हणायचं नाही. ओळ काढली. दर होता तिथेच. वैताग.

गुरुवार, ३० ऑक्टोबर, भाऊबीज

किशोर दिवाळीला आला नाही. पहिल्यांदाच. प्रोजेक्टची घाई आहे म्हणे. मोहिनी आणि सृष्टीही आल्या नाहीत. मंगलने चकल्यांचा डबा बांधून ठेवला आहे, कुणी पुण्याला जाणारं मिळालं तर पाठवायला.

पिंपळगावहून दत्तू आला होता. कारखान्यातला माझा जोडीदार, आता गावी द्राक्षबाग बघतो. पुतण्याने त्याला माझी साईट दाखवली.

"रंगूदादा, गुलाब बघाया गेलो आन् वकिलानं धरलं ना मला! बायको मागं उभी. म्हनती, हे काय वाचून राह्यले तुम्ही?"

"मग मारलीस का टिचकी?"

"टिचकी मारली असती तं तिनं मला मारलं असतं."

बऱ्याच दिवसांनी मंगल मोकळं हसली. दत्तूला मी विचारलं, तुला काय सुचतं? तो म्हणाला, "लय डोकं नको लावू. आमच्याकडं बी छाटनी झाली का दीड महिना निस्त्या काड्या बघत बसाया लागतं. धीर धरवत नाय, पन धराया लागतो." मी म्हटलं, तुझ्या काड्यांना घड लागतात, माझ्या काड्यांना मोतीबिंदू.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज नवीच तऱ्हा. 'छाटणी: कधी, किती आणि का' या लेखाशेजारी जाहिरात झळकते आहे, 'नोकरी गेली? निराश होऊ नका. आजच अर्ज भरा.' मी चक्रावलो. मग पेपरातला मथळा आठवला, 'संगणक कंपन्यांत छाटणीची लाट'. त्या बेट्याला वाटलं, मी कामगारांवर लिहिलंय!

ज्योत्स्नाला फोन केला. "अहो, ही गुलाबाची छाटणी आहे."

"सर, ठेवा. सध्या सगळ्यात जास्त चालणारा शब्द आहे हा."

मला काही ते बरं वाटलं नाही. कुणाची भाकरी गेली आणि आपला शब्द चालला. पण मार्च डोळ्यांपुढे आहे. ठेवला. किशोरला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. त्याला हसू आलं नाही. "लेख चांगला आहे बाबा," एवढंच म्हणाला. वाचला असेल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

दर वाढला! भोपळा फुटला! सगळ्या टिचक्या एकाच पानावर, छाटणीच्या. आकडेवारीत गावाचं नावही दिसतं. पुणे. रोज सकाळी अकराच्या सुमाराला हा पुण्याचा वाचक येतो, छाटणीचा लेख उघडतो, बराच वेळ पानावर असतो, मग जाहिरातीवर टिचकी मारतो. शनिवार-रविवारी येत नाही. असा नियमाचा माणूस. मला तर रोज सव्वाअकराला कॉम्प्युटरसमोर बसून त्याची वाट बघायची सवयच लागली. चहासुद्धा तेव्हाच घेतो.

मंगल भाजी निवडत होती. म्हणाली, "कामाच्या दिवशी, भर अकराला गुलाब वाचत कोण बसतं हो? त्याला कामधंदा नाही?"

"असेल माझ्यासारखा पेन्शनर."

"पेन्शनर नोकरीच्या जाहिराती कशाला बघेल?"

बायकांना शंका फार. मी छाटणीवर आणखी दोन लेख टाकले. आलेल्या गिऱ्हाइकाला माल कमी पडू नये. खरं तर दोन्हींत नवं काही नव्हतं, तेच उलटंपालटं करून लिहिलं. लाज वाटली. सांगलीच्या एका जुन्या वाचकाने कळवलंच, "काका, हल्ली तुम्ही फुलांवर लिहीतच नाही. नुसतं कापाकापी." पण त्यांनी आजवर एकही टिचकी मारलेली नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

साईटवर वाचकांनी चार ओळी लिहून पाठवायची सोय आहे. आज तिथे आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवतो.

'आदरणीय काका, तुमचा छाटणीचा लेख रोज वाचतो. तुम्ही लिहिता की छाटणीनंतर दीड महिन्यात नवी फूट येते. माझ्या झाडाची छाटणी होऊन त्याहून जास्त दिवस झाले, अजून काही हालचाल नाही. मागच्या वर्षी डोळा मारलेला होता तोही वाळला. माझंच काही चुकलं असेल का? एक वाचक, पुणे.'

आला! आमचा अकरा वाजताचा माणूस आला! केवढा आनंद झाला. आणि 'डोळा मारलेला' वाचून तर पोट धरून हसलो. ही चूक मी आयुष्यात एकाच तोंडून ऐकली आहे. किशोर पहिलीत असताना बाईंनी विचारलं, बाबा काय करतात? हा उभा राहून मोठ्याने म्हणाला, "माझे बाबा रविवारी गुलाबांना डोळा मारतात." बाई महिनाभर माझ्याकडे बघून पदर सावरायच्या. त्यानंतरही घरात आम्ही डोळा मारणंच म्हणत आलो.

मंगलला वाचून दाखवलं. ती हसली नाही. "परत वाचा," म्हणाली. परत वाचलं. मग फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून मोहिनीशी बराच वेळ बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, कांदा चिरत होते. जेवायला वरणभात आणि दोडका होता.

वाचकाला लगेच उत्तर टाकलं. 'मुळांना वाळवी नाही ना, ते बघा. खत घालू नका, घाई करू नका. कुंडीला ऊन मिळतं का? फोटो पाठवा.'

फोटो आला नाही. पण माणूस रोज येतो.

बुधवार, १४ जानेवारी २००९

संक्रांत. किशोरचा फोन. तिळगूळ घ्या, गोड बोला, झालं. सृष्टीने 'आजोबा, कुत्रा पाळा' असा हट्ट धरला. कधी येता, विचारलं तर "मार्चमध्ये बघू." सृष्टीच्या नव्या शाळेचं काय ठरलं, विचारलं तर "तेही मार्चमध्ये बघू." या मार्चवर सगळ्यांनी किती ओझं टाकलंय.

मग मी माझी अडचण काढली. किशोर कॉम्प्युटरमधला, त्याला कळायचं. म्हटलं, "अरे, पुण्याचा एक जण रोज गुलाबाचं पान वाचून नोकरीच्या जाहिरातीवर टिचकी मारतो. असं का करत असेल? मला तो माणूस समजला तर तसे आणखी दहा आणता येतील."

"किशोर? हॅलो?"

लाईन कट झाली. सणाच्या दिवशी लाईनवर फार ताण असतो. पुन्हा लावला तर मोहिनीने घेतला. म्हणाली, ते जरा खाली गेलेत, बाबा.

मंगळवार, १० फेब्रुवारी

डोक्यात राख गेली आहे.

कंपनीचं पत्र आलं. खातं गोठवलं. का, तर सगळ्या टिचक्या एकाच कॉम्प्युटरवरून होतात, म्हणून त्या बनावट धरल्या आहेत. मी म्हणे माणूस बसवून टिचक्या मारून घेतो! आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, एक वॉशर घरी आणला नाही, आणि आता म्हातारपणी टिचकीचोर!

फोन करून ज्योत्स्नावर ओरडलो. नको होतं ओरडायला. पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, मलाही ते खोटं वाटत नाही. खोटे लोक टिचकी मारून निघून जातात. हे मारतात आणि पुढचा नोकरीचा अर्जही पूर्ण भरतात. जितक्या जाहिराती, तितके अर्ज."

"मग झालं तर! खरा माणूस आहे!"

"हो सर, पण..." थांबली. "अर्जावरचं आडनाव तुमचंच आहे. गायधनी. म्हणून साहेब म्हणाले, नातेवाईक बसवलाय. तुम्ही एवढंच लिहून द्या की ते तुमचे अमुक अमुक लागतात आणि पुन्हा असं होणार नाही, तर खातं लगेच सुरू करता येईल."

मी म्हटलं, "गायधनी पुण्यात पुष्कळ आहेत. आमच्या पळसे गावात दगड मारला तर गायधन्यालाच लागतो." आणि फोन ठेवला.

पुष्कळच आहेत.

गच्चीवर गेलो. ग्लॅडिएटरला फुलं आली आहेत, मुठीएवढी. पाणी घालायचं राहिलं होतं ते घातलं. घातलेल्यांना पुन्हा घातलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सकाळी मंगल पोळ्या लाटत होती. ओट्याशी उभा राहिलो.

"कधीपासून?"

तिने विचारलं नाही, काय कधीपासून. "दिवाळीच्या आधीपासून. मला त्या वाचकाचा मजकूर तुम्ही वाचून दाखवलात तेव्हा कळलं. मोहिनीने शपथ घातली, बाबांना सांगू नका."

"का?"

"तो म्हणतो, बाबांनी सगळ्या कॉलनीला सांगितलंय, माझा मुलगा मोठ्या कंपनीत आहे. आता त्यांनी खाली मान घालून फिरायचं का?" तिने पोळी उलटली. "रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो. सृष्टीला वाटतं, बाबा ऑफिसात जातात. कुठल्याशा इंटरनेटच्या दुकानात जाऊन बसतो."

अकरा वाजता. शनिवार-रविवारी सुट्टी.

आणि मी इथे सव्वाअकराला चहाचा कप घेऊन बसायचो. मोजायचो. एक आली की खूश व्हायचो.

फोन उचलला आणि ठेवला. काय बोलणार? 'मला कळलं' म्हटलं की त्याने एवढे दिवस वाहिलेला डबा एका क्षणात खाली पडेल. तो माझ्याशी बोलला नाही असं तरी कसं म्हणू? त्याला जसं जमलं तसं बोलला. मीच वाळवी बघत बसलो.

मग ज्योत्स्नाला फोन केला. आधी कालच्या ओरडण्याची माफी मागितली. मग सांगितलं, "लिहून काही देणार नाही. तो माझा कोण लागतो ते तुमच्या फाईलला सांगायचं कारण नाही. जाहिराती काढून टाका."

"सर, मग मार्चनंतर साईटचं?"

"बघू. तुझ्या बेट्याला सांग मात्र, शब्द बरोबर वाचला होता त्याने. मलाच वाचता आला नाही."

रविवार, १५ फेब्रुवारी

आज गच्चीवरचा पूर्वेकडचा कोपरा मोकळा केला. खालची खोलीही. माझ्या खताच्या गोण्या, दत्तूने दिलेल्या द्राक्षांच्या पेट्या, सगळं जिन्याखाली. मंगलने गुडघ्याचं नाव न काढता पडदे धुतले.

मग छाटणीच्या लेखाखाली एक उत्तर टाकलं. चार वेळा खोडून लिहिलं. ते इथेही उतरवून ठेवतो.

'एक वाचक, पुणे, यांस. मागच्या वेळी मी तुम्हाला घाईत उत्तर दिलं आणि प्रश्न नीट वाचला नाही, माफ करा. तुमचं काही चुकलेलं नाही. वाळलेल्या झाडाची कुणी छाटणी करत नाही, ते उपटून टाकतात. कात्री लागते ती जिवंत फांदीलाच. दीड महिन्यात फूट येते हे मी लिहिलं ते आमच्या गच्चीवरच्या उन्हाच्या हिशेबाने. तुमच्याकडे सावली असेल तर जास्त वेळ लागतो, एवढंच. त्यात झाडाला लाजण्यासारखं काही नाही, आणि माळ्यालाही नाही. हा माळी मान वर करून फिरतो आणि फिरेल.

माझा सल्ला असा की, फूट येईपर्यंत कुंड्या इकडे आणून ठेवाव्यात. जागा केली आहे. तीन कुंड्या ऐसपैस मावतील: एक मोठी, एक मधली, आणि एक लहान, जिचं अजून शाळेत नाव घालायचं आहे. इथेही शाळा चांगल्या आहेत. कुत्र्याचं मी बघतो.

गेल्या वर्षी डोळा मारलेला वाळला म्हणता, तर वाळू दे. या पावसाळ्यात आपण दोघं मिळून नवा मारू. घरचे तुमच्यावर रागावलेले नाहीत. चकल्या मऊ पडल्या म्हणून दुसऱ्या तळल्या आहेत.

या पानावर आता जाहिराती नाहीत, टिचकी मारायची गरज नाही. मार्चनंतर हे पान राहील की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून उत्तर लवकर पाठवा. उद्या सोमवार आहे. अकरा वाजता मी बसलेलोच असेन.'